संगणकाची पुस्तके आणि अधू नजर

जरीकाम, रफू, शिलाई, कापडाची पारख हे सगळे डोळ्यांचे धंदे. चाळिशी उलटली की जवळचे अंधुक होते. मोतीबिंदू किंवा मधुमेहाने नजर गेली असेल तर चष्म्यानेही भागत नाही. त्यातच १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. विवरणपत्रे ऑनलाइन भरायची, म्हणून अनेकांनी उतारवयात संगणक शिकण्याची पुस्तके घेतली. अधू नजरेच्या माणसाला ती किती कामाची?

खरे सांगायचे तर फार थोडी. पहिली अडचण छपाईची. मोठ्या टाइपाचे पुस्तक साधारण १६ ते १८ पॉइंटात छापतात. ही पुस्तके बारीक टाइपात असतात आणि पडद्याची चित्रे तिकिटाएवढी. दुसरी अडचण शिकवण्याच्या पद्धतीची. ‘कोपऱ्यातील चित्रावर माउस नेऊन दाबा’ असे लिहितात. पण ज्याला पडद्यावरचा बाणच सापडत नाही त्याने काय करावे? बहुतेक कामे कीबोर्डवरूनही होतात, पण ती बटणे शेवटच्या तक्त्यात दिलेली. तिसरी अडचण सर्वांत मोठी. अक्षर मोठे करण्याची युक्ती पहिल्या पानावर हवी, ती शेवटच्या प्रकरणात असते किंवा नसतेच. किल्ली कुलपाच्या आत ठेवावी तसा हा प्रकार!

वाचकांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे. विंडोज १० व ११ मध्ये विंडोजचे बटण दाबून अधिकचे (+) बटण दाबले की पडद्यावर भिंग येते. विंडोज आणि एस्केप दाबले की जाते. धागे मोजायला आपण भिंग लावतो, त्यातलेच हे. एक्सेलमध्ये कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवावे, आकडे मोठे होतात. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीत अक्षर २२५ टक्क्यांपर्यंत वाढते. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबल्यास संगणक मजकूर वाचून दाखवू लागतो. ऑस्ट्रेलियातील अंध तरुणांनी २००६ पासून तयार केलेला एनव्हीडीए हा वाचक प्रोग्रॅम तर मोफत मिळतो.

पुस्तक घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. दुकानातल्या उजेडात, नेहमीच्या चष्म्याने एक पान सलग वाचता येते का? प्रत्येक कामासाठी माउसबरोबर कीबोर्डची बटणे दिली आहेत का? अक्षर मोठे करणे सुरुवातीलाच सांगितले आहे का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

पुस्तक आधीच घेतले असेल तर तेही वाया जात नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी पुस्तकाचे वाचता येईल अशा रूपात रूपांतर करता येते. मुलाकडून पाने स्कॅन करून घ्यावीत आणि पडद्यावर मोठी करून वाचावीत.

प्रकाशकांनीही विचार करावा. टाइप मोठा केला तर पाने वाढतील, किंमत थोडी चढेल. पण पन्नाशीतला दुकानदार हेच तर त्यांचे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाच्या मापाचा कपडा शिवावा, हे कोणताही शिंपी सांगेल.