गर्भिणीची पोटदुखी आणि घरच्यांचे कर्तव्य

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच पुढे डॉक्टर म्हणून कीर्ती पावलेल्या आनंदीबाई, यांस वयाच्या चौदाव्या वर्षी पुत्र झाला आणि तो दहा दिवसांतच निवर्तला. ते दुःख उरी बाळगून त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली अमेरिकेत एम्. डी. होताना प्रबंधास त्यांनी विषयही आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्राचाच घेतला. आज ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत इस्पितळांस तोटा नाही. तथापि स्त्रीने आपले पोटाचे दुखणे बोलून दाखवू नये, ही रीत पुष्कळ घरांतून अद्याप गेलेली नाही.

ऋतुकाळी असह्य वेदना होणे हा स्त्रीजन्माचा भोग नव्हे. चरकसंहितेतही वीस योनिव्यापदांमध्ये ‘उदावर्तिनी’ची गणना करून अशा वेदनेस व्याधीच मानिले आहे. आधुनिक वैद्यक तिचे एक कारण एंडोमेट्रिओसिस हे सांगते. या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बीजकोश, आतडी इत्यादी ठिकाणी रुजतो, तेथे दाह होतो व अवयव एकमेकांस चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांस हा विकार असतो.

‘मूल झाले की सारे थांबेल,’ असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. गरोदरपणी पाळी बंद असल्यामुळे कित्येकींस आराम पडतोही. परंतु रोग गेला असे त्यावरून ठरत नाही. गर्भाशय वाढू लागले म्हणजे चिकटलेले भाग ताणले जातात. भोवतालच्या रक्तवाहिन्या त्या काळी फुगलेल्या असतात व दाहाने ठिसूळही होतात. क्वचित त्यांतील एखादी फुटते आणि पोटात रक्त साचते. असे बहुधा गरोदरपणाच्या उत्तरार्धात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत घडते. बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही, हीच यातील मोठी फसगत होय. एकाएकी तीव्र पोटदुखी, घेरी, दरदरून घाम, फिकटपणा व जलद, क्षीण नाडी ही त्याची लक्षणे होत.

अशा वेळी रक्त देऊन व पोट उघडून रक्तस्राव थांबवावा लागतो. प्रसंगी त्याच वेळी शस्त्रक्रियेने प्रसूतीही करावी लागते. वेळेवर उपचार झाल्यास आज बहुतेक माता वाचतात. बालकास मात्र धोका अधिक असतो.

यास्तव ज्या सुनेस अथवा लेकीस हा विकार पूर्वी होता, तिच्याविषयी पहिल्याच तपासणीस डॉक्टरांस सांगावे व जुने कागद दाखवावेत. शस्त्रक्रिया व रक्त या दोहोंची सोय असलेले इस्पितळ आधीच ठरवून ठेवावे. वरील लक्षणे दिसताच ओवा, शेक, एरंडेल यांत घटका दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गर्भिणीची पुष्कळशी पोटदुखी साधीच असते, हे खरे; परंतु ती साधी आहे की नाही हे ठरविणे सासूचे अथवा पतीचे काम नव्हे, ते डॉक्टरांचे आहे. घरच्यांनी एवढेच करावे: ती ‘दुखते’ म्हणाली, तर ते खरे मानावे.