छोट्या इमारतीचं मोठं गणित

वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेननं १६७३-७४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचं ओक लाकडाचं मॉडेल करवून घेतलं. प्रमाण १:२५, लांबी सहा मीटरहून जास्त! खर्च सुमारे ६०० पौंड. तेवढ्या पैशांत तेव्हा लंडनमध्ये चांगलं घर येई. आराखडा मात्र नामंजूर झाला.

आजही इमारतीचं मॉडेल करायला देताना पहिला प्रश्न प्रमाणाचाच. तीन मीटरचा मजला १:१०० मध्ये तीन सेंटिमीटर उरतो, १:५०० मध्ये जेमतेम सहा मिलिमीटर. कठड्याचा २० मिलिमीटरचा गज १:२०० मध्ये केसाएवढा होतो. कारागीर तो मुद्दाम जाड करतो किंवा गाळतो. काय गाळायचं, हे आधीच बोलून घ्यावं.

नकाशे पक्के झालेले हवेत. लेझरनं कापलेली भिंत पुन्हा जोडता येत नाही.

आणि हो, मॉडेल ज्या दारातून आत न्यायचं, त्याची रुंदीही मोजावी.