वेल्सच्या कादंबऱ्या : डोळ्यांनीं कीं कानांनीं ?

ग्रंथ हा डोळ्यांनीं वाचावयाचा, ही समजूत छापखान्यानें रूढ केली. तत्पूर्वीं कित्येक शतकें तो कानांनींच ग्रहण केला जात असे. वेदांस 'श्रुति' हें नांव पडलें तें उगीच नव्हे. आणि पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांचा सारा खटाटोप कागदावांचून शब्द अक्षुण्ण राहावा एवढ्याचसाठीं होता. पुढें पोथी आली, पोथीमागून छापील पुस्तक आलें, तरीहि चातुर्मासांत एकानें वाचावें व घरानें ऐकावें हा परिपाठ आपल्या कुटुंबांतून बरेच दिवस टिकून होता. प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र पुस्तक आलें तेव्हां तो मोडला. आतां मोबाईलच्या वाटेनें तोच परिपाठ निराळ्या वेषांत परत आला आहे. इंग्रजींत त्यास ऑडिओबुक म्हणतात. आपण श्राव्य पुस्तक म्हणूं.

या भांडारांत सर्व प्रकारचा माल आहे, व त्यांत टाकाऊहि पुष्कळ आहे. प्रस्तुत लेख त्यांतील एका कोपऱ्यापुरताच आहे : व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, इंग्लंडांत जन्मास आलेल्या विज्ञानकादंबऱ्या. त्यांतहि एच्. जी. वेल्सच्या कादंबऱ्यांवर माझा अधिक भर आहे. त्या सर्वांस विनामूल्य मिळतात, ही गोष्ट गृहस्थाश्रमी माणसानें प्रथम सांगितली पाहिजे. वेल्स १३ ऑगस्ट १९४६ रोजीं वारला. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याचा हक्क राहतो. म्हणून २००७ च्या आरंभापासून त्याचीं पुस्तकें हिंदुस्थानांत मोकळीं झालीं. खुद्द इंग्लंडांत ही मुदत सत्तर वर्षांची असल्यामुळें तेथें २०१७ साल उजाडावें लागलें. अशा मोकळ्या झालेल्या ग्रंथांचें वाचन करून तें जगास फुकट द्यावें, या हेतूनें ह्यू मॅक्ग्वायर नांवाच्या गृहस्थानें ऑगस्ट २००५ मध्यें कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं 'लिब्रीव्हॉक्स' ही संस्था सुरू केली. वाचणारे सर्व हौशी. कोणास एक पैहि मिळत नाहीं. पहिला मान जोसेफ कॉनरॅडच्या 'सीक्रेट एजंट' या कादंबरीस मिळाला, आणि त्यानंतर वेल्स, स्टीव्हन्सन, व्हर्न हे सर्व त्या पंक्तीस येऊन बसले.

बोलक्या पुस्तकाची कल्पना मात्र बोलक्या यंत्राइतकीच जुनी आहे. एडिसननें १८७७ मध्यें फोनोग्राफ सिद्ध केला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याचे उपयोग सांगतांना अंधांस वाचून दाखविणाऱ्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख केला. परंतु त्या काळीं यंत्रांत कांहीं मिनिटांपलीकडे आवाज मावत नसे, म्हणून ती कल्पना कागदावरच राहिली. पुढें पहिल्या महायुद्धांत शेंकडों तरुण सैनिक आंधळे होऊन परतले. प्रौढ वयांत ब्रेल लिपि बोटांना सहजासहजीं साधत नाहीं, हें ज्यांनीं ती शिकविण्याचा यत्न केला त्यांस ठाऊक आहे. या गरजेंतूनच १९३५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांतील अंधांच्या राष्ट्रीय संस्थेनें तबकड्यांवरील पुस्तकें घरोघर पाठविण्यास आरंभ केला. एका कादंबरीस दहाएक तबकड्या लागत. आज जी वस्तु आपण चैनीची समजतों ती मूळची अपंगाची काठी होती, हें विसरूं नये.

आणि आपल्या घरांतून तिचा खरा उपयोगहि तोच आहे. मोतिबिंदु काढूनहि बारीक टाइप न दिसणारीं, मधुमेहानें दृष्टि अधू झालेलीं वडील माणसें नाहींत असें एकत्र कुटुंब आज विरळा. वाचनाची जन्मभर सवय असलेल्या माणसाच्या हातून पुस्तक सुटलें म्हणजे त्याच्या मनाची काय अवस्था होते, हें घरांतील तरुण मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं. तो चिडखोर होतो. आणि सर्वजण म्हणतात, वय झालें. अशा वेळीं त्याच्यापुढें दिवसभर दूरदर्शनचा पेटारा उघडून ठेवतात. त्याच्याऐवजीं रोज तासभर एखादा चांगला ग्रंथ ऐकविला तर तो माणूस पुन्हां माणसांत येतो, हें मीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे. दृष्टिहीनांसाठीं ग्रंथांचीं अशीं रूपें निर्वेधपणें करतां यावींत म्हणून २०१३ सालीं माराकेश येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास सर्वांआधीं, २०१४ मध्यें, मान्यता देणारा देश आपला होता. हें भूषणावह आहे, पण घरांत त्याचा लाभ पोंचविणें हें सरकारचें काम नव्हे; तें नातवंडांचें व सुनांचें, मुलांचें काम आहे.

आतां मूळ विषयाकडे. वेल्सची 'टाइम मशीन' ही १८९५ ची कादंबरी वाचतांना एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं, ती ऐकतांना तत्काळ येते. ही संपूर्ण कथा कथन केलेली आहे. रिचमंड येथील एका घरीं दर गुरुवारीं कांहीं स्नेही जेवावयास जमतात. त्यांचीं नांवेंहि लेखक बहुधा देत नाहीं. एक वैद्य, एक मानसशास्त्रज्ञ, एक संपादक, एवढीच त्यांची ओळख. एका गुरुवारीं यजमान उशिरानें येतो तो धुळीनें माखलेला, लंगडत, भुकेनें व्याकुळ झालेला. तो आधीं जेवतो, आणि मग मध्यें कोणी बोलूं नये या अटीवर आपली हकीकत सांगूं लागतो. नैमिषारण्यांत सूत बोलूं लागला आणि ऋषि ऐकूं लागले, तसाच हा थाट आहे ! फरक एवढाच कीं येथले ऋषि चिरूट ओढतात आणि सूतावर त्यांचा विश्वास नाहीं.

त्यामुळें ऐकणारा आपोआपच त्या पाहुण्यांच्या पंक्तींत जाऊन बसतो. आठ लक्ष दोन हजार सातशें एक या सालीं मानवजात दुभंगलेली आहे. वर उन्हांत खेळणारे, गोजिरवाणे व बुद्धिहीन ईलॉय. खालीं अंधारांत यंत्रें चालविणारे मॉरलॉक. मालक आणि मजूर यांच्यांतील दरी रुंदावत गेली तर तिचा शेवट काय, हा वेल्सचा प्रश्न. मजुरांच्या वंशजांनीं मालकांच्या वंशजांस गुरांप्रमाणें पोसून खावें, हें त्याचें उत्तर. छापील पानावर हें वाक्य डोळा भरकन् ओलांडून जातो. कानाला तशी पळवाट नाहीं. त्याहूनहि कठीण प्रसंग शेवटचा : तीन कोटींहून अधिक वर्षांनंतरचा सागरतीर, मावळतीला खिळलेला प्रचंड तांबडा सूर्य, आणि पशुपक्ष्यांचा कसलाहि आवाज नाहीं अशी पृथ्वी. निःशब्दतेचें हें वर्णन शब्दांनीं ऐकावयाचें, यांतला विरोध अनुभवावाच लागतो. सर्व कादंबरी सुमारें साडेतीन तासांत संपते; दोन संध्याकाळीं पुरे. कानांत नळ्या घालून एकेकट्यानें मात्र ऐकूं नये. मध्यें चारजण बसावे, नको तेथें थांबवावें, वाद घालावा. मुलांना ईलॉय सहज कळतात, मॉरलॉक कळण्यास मोठ्यांची मदत लागते.

'इन्व्हिजिबल मॅन' अर्थात् अदृश्य मनुष्य, साल १८९७, ही तर जणूं श्रवणासाठींच रचलेली आहे. त्यांतील मार्व्हल नांवाचा भटक्या रस्त्याच्या कडेला बसून आपल्या बुटांचें निरीक्षण करीत असतां त्याच्याशीं कोणीतरी बोलूं लागतो. पाहतो तों कोणी नाहीं. पुस्तकांत येथें अवतरणचिन्हें दिसतात, आणि वाचकाला मार्व्हलची फजिती बाहेरून पाहावयास मिळते. ऐकतांना आपल्यालाहि नुसता आवाजच मिळतो, आपणहि मार्व्हलच होतों. शिवाय ससेक्स परगण्यांतील खेडुतांची बोली वेल्सनें मोडक्या वर्णरचनेनें लिहिली आहे. शाळेंत इंग्रजी शिकलेल्या आपल्यासारख्यांस ती डोळ्यांनीं वाचणें म्हणजे खडे निवडणें. तीच बोली कुशल वाचकाच्या मुखांतून आली कीं अर्थ आपण होऊन उलगडतो.

कुशल वाचक, हा मात्र कळीचा शब्द आहे. पाणिनीय शिक्षेंत सहा अधम पाठक सांगितले आहेत : गाऊन वाचणारा, घाईनें वाचणारा, मान डोलावणारा, लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण आवाजाचा. चौथा दोष आजच्या साऱ्याच श्राव्य पुस्तकांस लागू असल्यामुळें तो सोडून द्यावा लागेल. मान डोलावलेली दिसत नाहीं म्हणून तिसराहि माफ. राहिलेल्या चारांवर कोणताहि वाचक पारखून घ्यावा. लिब्रीव्हॉक्समध्यें कांहीं ग्रंथ एकट्यानें वाचलेले असतात, कांहींत प्रत्येक प्रकरणास नवा वाचक. एका प्रकरणांत अमेरिकन, दुसऱ्यांत ऑस्ट्रेलियन, आणि तिसऱ्यांत भलताच घाईचा गृहस्थ, यामुळें रस वारंवार तुटतो. अपवाद स्टीव्हन्सनच्या 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' या १८८६ च्या कथेचा. तिच्या शेवटीं दोन निरनिराळ्या माणसांचे लेख येतात, तेथें आवाज बदलला तर शोभूनहि दिसतो. अलीकडे संगणकानें घडविलेला आवाज माणसाप्रमाणें स्वच्छ वाचूं लागला आहे. उच्चार निर्दोष, दम लागत नाहीं, खोकला येत नाहीं. पण तो यादींतला पांचवा आहे, अर्थ न जाणणारा. भयाचें वाक्य व भोजनाचें वाक्य तो सारख्याच प्रसन्नतेनें म्हणतो.

कांहीं ग्रंथ ऐकण्याच्या भानगडींत पडूंच नये. एडविन ॲबट या हेडमास्तरानें १८८४ सालीं लिहिलेलें 'फ्लॅटलँड' त्यांपैकीं एक. द्विमित प्रदेशांत राहणाऱ्या चौकोनाची ती मौज आकृतींशिवाय बुडते. पाटी-पेन्सिल जवळ असेल तरच हात लावावा.

झ्यूल व्हर्न फ्रेंच. त्यास व्हिक्टोरियन म्हणतां येत नाहीं. पण त्याचीं जुनीं इंग्रजी भाषांतरें त्याच काळचीं आहेत व श्राव्य भांडारांत त्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून एक सूचना अवश्य करतों. मोफत वाचनास मोकळीं असतात तीं जुनींच भाषांतरें, आणि त्यांत फार मोडतोड झालेली आहे. 'समुद्राखालीं वीस हजार लीग' या १८७० च्या कादंबरीचें मर्सिअर यांनीं केलेलें प्रसिद्ध भाषांतर घ्या. त्यांत मूळ मजकुराचा निदान पांचवा हिस्सा गाळलेला आहे. त्याहून आपल्या जिव्हारीं लागणारी गोष्ट पुढेंच आहे. त्या पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा कोण, हें व्हर्ननें पुढील 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरींत सांगितलें आहे. तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानचा भाचा, १८५७ च्या युद्धांत लढलेला व सर्वस्व गमावलेला. ही हकीकत इंग्रज वाचकांस रुचणार नाहीं म्हणून किंग्स्टनच्या नांवावरील त्या काळच्या भाषांतरांत तिचें रूपच पालटून टाकलें. इंग्रजी सत्तेविरुद्धचा सूर काढून घेतला. पुस्तक हातांत असतें तेव्हां मुखपृष्ठ उलटून भाषांतरकाराचें नांव पाहतां येतें. कानांना मुखपृष्ठ नसतें. म्हणून ऐकण्यापूर्वीं भाषांतर कोणाचें याचा शोध करावा. १८७६ चें स्टीफन व्हाइट यांचें भाषांतर मूळाशीं अधिक प्रामाणिक आहे. आपल्या मुलांनीं नेमो ऐकावा तर तो आपल्या तोंडानें बोलणारा ऐकावा.

वेल्सला अशी काटछांट करावी लागली नाहीं, याचें मला नवल वाटतें. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही मंगळावरील स्वारीची कथा १८९७ मध्यें लंडनच्या पिअर्सन्स मासिकांतून क्रमशः येत होती, पुस्तक १८९८ चें. तें राणीच्या हीरकमहोत्सवाचें वर्ष. त्याच महोत्सवाच्या रात्रीं, २२ जून १८९७ रोजीं, पुण्यास चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळ्या झाडल्या. त्या वर्षीं या इंग्रज लेखकानें पहिल्याच प्रकरणांत आपल्या देशबांधवांस बजावलें, कीं मंगळवासीयांस निर्दय म्हणण्यापूर्वीं टास्मानियांतील मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतवाल्यांनीं पन्नास वर्षांत कसा संहार केला तें आठवा. हक्स्लीच्या हाताखालीं शास्त्र शिकलेल्या व स्वतः कांहीं काळ मास्तरकी केलेल्या माणसाची ही कानउघाडणी आहे. स्वारी करणारे मरतात तेहि तोफांनीं नव्हे, सूक्ष्म जंतूंनीं. प्लेगाचा जंतु सांपडून तेव्हां अवघीं तीन वर्षें झालीं होतीं.

या कथेचीं नाट्यरूपें पुष्कळ झालीं. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं अमेरिकेंत ऑर्सन वेल्सनें ती आकाशवाणीवर बातमीपत्राच्या धर्तीवर सादर केली व लोक घाबरले. किती घाबरले याची वर्तमानपत्रांनीं बरीच अतिशयोक्ति केली, असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. १९७८ मध्यें जेफ वेननें तिला संगीत दिलें व रिचर्ड बर्टननें निवेदन केलें. हीं सर्व कौतुकाचीं, परंतु पहिल्या खेपेस संपूर्ण वाचनच ऐकावें. तें सहा-सात तासांचें आहे.

आणि त्यांतील निर्जन लंडनचें प्रकरण रात्रीं, घर शांत झाल्यावर लावावें. निवेदक ओसाड रस्त्यांवरून चालला आहे, आणि दुरून मरणोन्मुख मंगळवासीयाचें रडणें येत आहे : उल्ला, उल्ला, उल्ला, उल्ला. छापील पानावर हीं नुसतीं अक्षरें आहेत. वाचकाला तीं कोणत्या स्वरांत म्हणावीं हें वेल्सनें बरेंच सांगून ठेवलें आहे, तरी प्रत्येकजण निराळा म्हणतो; कोणी हुंदक्यासारखा, कोणी गिरणीच्या भोंग्यासारखा. मग निवेदक पुलावर येतो आणि तो आवाज एकाएकीं बंद पडतो. चांगला वाचक तेथें क्षणभर थांबतो. आमच्याकडे त्या वेळीं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सर्वांस ऐकूं आली, आणि कोणीहि बोललें नाहीं.