मोटारमालकाची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावास जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर हे गाव लागते. बल्लाळदेवीचे स्थान म्हणून त्याचा लौकिक आहे. अशा गावात कोणी मोटार घेण्याचे मनात आणले म्हणजे तो प्रथम दुकानात जात नाही. ज्याच्या दारात तशीच गाडी उभी असेल त्याच्याकडे जातो. "भाऊ, ॲव्हरेज किती देते?" हा पहिला प्रश्न, आणि "त्रास काही?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका आकड्यात मिळते, दुसऱ्याचे नुसती मान हलवून. त्या आकड्यावर आणि त्या मानेच्या हालचालीवर आठ-दहा लाख रुपयांचा व्यवहार ठरतो. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या कित्येक हंगामांची शिल्लक ज्यात घालावयाची आणि उरलेल्या रकमेसाठी पाच-सात वर्षांचे कर्ज काढावयाचे, त्या व्यवहारात ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न क्षुल्लक खासच नव्हे.

साक्षीदार लबाड असतो असे मुळीच नाही. तो बहुधा प्रामाणिकच असतो. परंतु स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूस नावे ठेवणे म्हणजे स्वतःच्याच अकलेस नावे ठेवणे होय, आणि तितका मोठेपणा फार थोड्यांजवळ असतो. उलट, ऐन लग्नाच्या वऱ्हाडात ज्याची गाडी रस्त्यात बंद पडली तो त्या कंपनीस जन्मभर शिव्या देतो. मग पुढील सहा वर्षे ती गाडी विनातक्रार चालली असली तरी त्याचा राग जात नाही. शिवाय ज्यांस खरोखरच मनस्ताप झाला त्यांनी गाडी केव्हाच विकून टाकलेली असते. विचारावयास उरतात ते टिकून राहिलेले, म्हणजेच समाधानी. अशा रीतीने साक्षीदारांची निवड आधीच एका बाजूस झुकलेली असते.

ॲव्हरेजचेच पाहावे. कंपनीच्या जाहिरातीतील आकडा ठरावीक चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ साली स्थापन झाली असून पुण्यास वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडीची चाके लोखंडी रुळांवर फिरवितात. वेग कधी वाढवावयाचा, कधी उतरवावयाचा हे सेकंदासेकंदाने ठरलेले असते, आणि मोटारींसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेल्या चाचणीक्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर इतकाच आहे. तेथे पावसाळ्यातले खड्डे नाहीत, आठवडी बाजाराची गर्दी नाही, टपावर पोती नाहीत. म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही. दोन गाड्या एकाच तराजूत तोलण्यास तो उपयोगी आहे. घरखर्चाचा अंदाज बांधण्यास मात्र निरुपयोगी आहे.

घरचा आकडा काढण्याची रीत अगदी सोपी आहे, आणि तरीही ती पाळणारे विरळा. टाकी काठोकाठ भरावी व किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. गाडी नेहमीप्रमाणे वापरावी. पुढच्या खेपेस त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर लागले त्याने मधल्या किलोमीटरांस भागावे. ६४६ किलोमीटर धावून ३८ लिटर लागले, तर उत्तर १७. असे पाच-सहा वेळा करून सरासरी घेतली म्हणजे तो आकडा साक्ष म्हणून देण्याच्या योग्यतेचा होतो. गाडीतील पडद्यावर आपोआप उमटणारा आकडा बहुधा थोडा अधिकच असतो. आणि चौकात सांगितला जाणारा आकडा तर एखाद्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर एकदाच मिळालेला असतो. तो दिवस मालकाच्या लक्षात राहतो, बाकीचे विसरतात.

या टिपणवहीचे महत्त्व पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून विशेष वाढले आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. उसापासून व धान्यापासून होणाऱ्या या द्रव्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. सबब निर्भेळ पेट्रोलच्या तुलनेने वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के शक्ती कमी भरते. पूर्वीच्या दहा टक्के मिश्रणाशी ताडून पाहिल्यास घट साधारण तीन-साडेतीन टक्क्यांची येते. इंजिन त्या मिश्रणाकरिता मुद्दाम जुळविलेले असल्यास यातील काही भाग भरून निघतो. २०२५ मध्ये मोटारमालकांची ओरड झाली ती याहून कितीतरी मोठ्या घटीची. त्यांतील काहींच्या गाड्यांत खरोखरच दुसरा दोष असेल, काहींच्या चाकांत हवा कमी असेल, काहींचा जुना आकडाच फुगविलेला असेल. ज्याच्यापाशी आधीच्या दोन वर्षांची वही आहे त्यालाच यांतील खरे कारण शोधता येते. इतरांजवळ केवळ तक्रार असते.

परंतु खर्चाची खरी गोम इंधनात नाही. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याने लिटरला १७ ऐवजी २० किलोमीटर देणारी गाडी घेतली, तर त्याचे वर्षाकाठी ८८ लिटर वाचतात. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरल्यास सुमारे ९,२५० रुपये. आता दुसरा हिशेब पाहावा. आठ लाखांची गाडी पाच वर्षांनी चार लाखांस विकली, तर दर वर्षी ८०,००० रुपये नुसत्या घसाऱ्यात गेले. दहा हजार किलोमीटरांवर तो घसारा किलोमीटरला ८ रुपये पडतो, आणि १७ च्या ॲव्हरेजने पेट्रोल पडते ६ रुपयांच्या किंचित वर. म्हणजे जो खर्च रोज खिशातून जातो तो लहान, आणि जो कधीच दिसत नाही तो मोठा! हाच गृहस्थ वर्षाला ३,००० किलोमीटरच फिरत असेल, म्हणजे कधी शेगावास दर्शनाला, कधी बुलढाण्यास कचेरीत, आणि एरवी गाडी छपराखाली उभी, तर तोच घसारा किलोमीटरला २६ रुपयांवर जातो. विमा, टायर व कर्जाचे व्याज वेगळेच. अशा माणसाने ॲव्हरेजची चौकशी करीत गावभर हिंडण्यापेक्षा चार वर्षे वापरलेली चांगली गाडी पाहिली तर त्याचा पहिला मोठा घसारा दुसऱ्या कोणी सोसलेला असतो.

त्रासाविषयीच्या साक्षीचे मूल्यमापन परदेशात बऱ्याच पद्धतशीरपणे झाले आहे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेला ग्राहकांचा संघ आपल्या सभासदांस प्रश्नावली पाठवून त्यांच्या मोटारींत काय बिघडले ते विचारीत आला आहे. त्याच देशातील जे. डी. पॉवर ही १९६८ सालची संस्था नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांतील तक्रारी वेगळ्या मोजते व तीन वर्षांच्या गाड्यांच्या वेगळ्या. आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा निकाल देते. ह्या मोजणीत गिअरपेटी निकामी होणे ही एक तक्रार, आणि पडद्यावरची कळ चटकन सापडत नाही ही सुद्धा एकच तक्रार. जर्मनीतील आडाक या मोटारमालकांच्या संघाने १९७८ पासून निराळा मार्ग धरला आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या मदतीस त्याचे पिवळ्या गाड्यांतील कारागीर जातात, आणि कोणत्या वर्षाची कोणती गाडी किती वेळा बंद पडली याची नोंद ते ठेवतात. तेथे मालकाचे मत कोणी विचारीतच नाही. बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण तेथे वर्षानुवर्षे एकच निघते, ते म्हणजे बॅटरी. जिच्यासाठी कंपनीस दोष दिला जातो अशी पुष्कळशी फजिती मालकाने वेळीच बॅटरी बदलून टळली असती, हे त्यातून उघड होते.

तथापि गाडी बिघडते किती, इतकेच पाहून भागत नाही. बिघडल्यावर ती किती लवकर व किती पैशांत उभी राहते हेही पाहावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. तीच पुढे पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. ही गाडी बिघडत नसे असे म्हणण्याचे धाडस तिचा कट्टर अभिमानीही करणार नाही. उन्हाळ्यात पाणी उकळे, गिअरचा दांडा अडे. परंतु कोपऱ्यावरचा मिस्त्री तासाभरात ती चालू करी आणि सुटा भाग हाताशी असे. यामुळेच २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची कायदेशीर मुदत पुरी करून २०२३ च्या ऑक्टोबरातच रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्याचे मत भारी असते तेही याच कारणाने. गाडी उभी राहिली तर त्याची त्या दिवसाची भाकरी बुडते. तेव्हा त्याला हौस परवडत नाही.

अमडापूरच्या मालकास हा विचार शहरवासीयापेक्षा अधिक लागू आहे. एखाद्या गाडीचा सुटा भाग अकोल्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवावा लागून गाडी आठ दिवस उभी राहणार असेल, तर "फारसा त्रास नाही" ही पुण्याच्या मालकाची साक्ष येथे कामास येत नाही. म्हणून शेजाऱ्यास विचारावयाचे प्रश्न बदलले पाहिजेत. गाडी किती किलोमीटर चालली, घेऊन किती वर्षे झाली, पहिले टायर किती किलोमीटरांस बदलले, क्लच कधी टाकला, गेल्या वर्षी दुरुस्तीस एकूण किती गेले, आणि ती कोणाकडे केली, या प्रश्नांत आवडीनिवडीस वाव नाही. उत्तर देताना तो वही किंवा पावत्या काढू लागला तर पुढे बसून ऐकावे.

जुनी गाडी घेताना तर हे अनिवार्यच होय, कारण तेथे साक्षीदार आणि विक्रेता एकच असतो. 'एमएच २८' ची पाटी पाहून गाडी जिल्ह्यातलीच, ओळखीच्या हातातली, असे समजून चालू नये. आधीचे मालक किती झाले ते नोंदणीपुस्तकावरून पाहावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, पण ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर व गुळगुळीत झालेले चक्र मागे फिरविता येत नाही. आकडा ४०,००० दाखवीत असेल आणि पायपट्टीवरील रेघा पुसून गेल्या असतील, तर कंपनीच्या कार्यशाळेतील जुन्या पावत्या मागाव्यात. प्रत्येक पावतीवर तारखेसह त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात.