‘डेंग्यू’ शब्दाचा अर्थ, आणि ताप उतरल्यावर काय बघायचं

पावसाळा लागला की पिंपरीपासून चाकणपर्यंत मोहल्ल्या-मोहल्ल्यात एकच शब्द ऐकू येतो, डेंग्यू. हा शब्द मराठी नाही, उर्दूही नाही. तो स्पॅनिश आहे. तिकडे ‘देंगे’ म्हणजे नखरा. १८२७-२८ साली कॅरिबियन बेटांवर तापाची मोठी साथ आली. अंग इतकं दुखायचं की माणसं ताठ होऊन, नखरे केल्यासारखी चालायची. म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. काही अभ्यासक मूळ स्वाहिली भाषेत शोधतात. तिथे अर्थ होतो, वाईट हवेनं अचानक धरणं. आपल्याकडेही ताप चढला की आधी दम करून आणतात. दुआ जरूर करा, पण रक्ताची तपासणी लांबवू नका.

याच स्पॅनिशमधला दुसरा शब्द आपल्या जास्त कामाचा आहे: ‘सिग्नोस दे आलार्मा’, म्हणजे धोक्याच्या खुणा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये डेंग्यूचे प्रकार नव्यानं ठरवले, त्यात ‘धोक्याच्या खुणांसह डेंग्यू’ असा वेगळा प्रकार आहे. पोटात जोराचं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप लागणं, पेशंट सुस्त पडणं किंवा बेचैन होणं, या त्या खुणा.

आणि त्या बहुतेक वेळा ताप उतरताना दिसतात. इथेच आपल्या माणसांची फसगत होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, खोलीवरचा पोरगा म्हणतो, ‘बरा झालो, खाडा नको,’ आणि सेकंड शिफ्टला कंपनीत जातो. त्याच दिवसांत रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपू शकतं आणि बीपी कोसळतो. ताप उतरल्यापासून एक-दोन दिवस पेशंटला एकटं सोडायचं नाही. वरची एक जरी खूण दिसली तर वायसीएम किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

घरात सगळी चर्चा प्लेटलेटवरच चालते. डॉक्टर मात्र रिपोर्टमधला हिमॅटोक्रिटचा आकडाही बघतात. तो वाढतोय आणि प्लेटलेट झपाट्यानं घसरतायत, तर रक्त घट्ट होतंय असं समजायचं. रक्तस्राव नसेल तर नुसता प्लेटलेटचा आकडा बघून पिशवीसाठी धावाधाव करायची गरज बहुतेकांना पडत नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगदुखीवर मेडिकलमधून ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

डास कुठून येतो, हेही बघा. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणी, म्हणून घरोघरी बॅरल भरलेले. एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. बॅरल, वजूच्या पाण्याची टाकी, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा. अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.