हरभऱ्याच्या मुळाशी

कोरेगाव भीमाला नगर रस्ता सोडून नदीकडे वळलं की कारखान्यांचा गोंगाट मागे पडतो आणि काळं रान सुरू होतं. उसाला लागून हरभऱ्याचा एक तुकडा फुलावर आला होता. मालकांना विचारून एक झाड खुरप्यानं भोवतालच्या मातीसकट काढलं. उपटलं तर मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. बादलीत मूळ हलक्या हातानं धुतल्यावर मोहरीएवढ्या, काही त्याहून थोराड गाठी दिसल्या. एक नखानं फोडली, तर आत गुलाबी.

गुलाबी म्हणजे काम चालू आहे. आत रायझोबियम गटातले जिवाणू असतात. हवेत 78 टक्के नायट्रोजन, पण त्याच्या दोन अणूंची पकड इतकी घट्ट की झाडाला तो थेट घेता येत नाही. जिवाणूंचं विकर ती पकड सोडवून अमोनिया बनवतं. त्यासाठीची ऊर्जा पानं उन्हातून कमावतात आणि साखरेच्या रूपात खाली पाठवतात. हे विकर ऑक्सिजननं निकामी होतं. म्हणून गाठीत ऑक्सिजन धरून ठेवणारं, आपल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं द्रव्य असतं, रंग त्याचाच. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद समजावं. युरिया सढळ हातानं टाकला की झाडही गाठी धरायचा कंटाळा करतं.

जिवाणूंना कामाला लावायचा प्रयोग शेताबाहेरही होतो. फिनलंडमधल्या सोलर फूड्स कंपनीनं 2024 मध्ये वांता इथं जिवाणूंपासून प्रथिनांचं पीठ करणारा कारखाना सुरू केला. विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो आणि कार्बन डायऑक्साइड टाकीतल्या जिवाणूंना द्यायचा, आणि वाढलेले जिवाणू वाळवून पिवळं पीठ करायचं. या पिठात दोन-तृतीयांशाच्या आसपास प्रथिनं, हरभऱ्यात साधारण पाचवा हिस्सा. जमीनही नगण्य लागते. कौतुक आहेच, पण ‘हवेतून अन्न’ हे वर्णन मला अर्धंच पटतं. नायट्रोजनशिवाय प्रथिन होत नाही, आणि तो त्या टाकीत अमोनियाच्या रूपात बाहेरून घालावा लागतो. हरभऱ्याची गाठ तो हवेतूनच घेते, तेही विजेच्या बिलाशिवाय.

गाठीतल्या जिवाणूंची सोय मात्र पेरणीआधी करावी लागते. गुळाच्या थंड पाण्यात रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट कालवून दहाएक किलो बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकीट घेताना त्यावरची मुदत आणि पिकाचं नाव बघा. सोयाबीनचे जिवाणू वेगळे. खरिपातलं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चालत नाही.