पंचवीस मिलिग्रॅमचा पसारा

नाशिकमधल्या मेडिकलात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की स्पायरोनोलॅक्टोनची गोळी मिळते. अंगावरची सूज उतरवणारी, लघवीवाटे जादा पाणी काढणारी. तिच्यात औषध किती? फक्त 25 मिलिग्रॅम. आता त्यातले रेणू मोजू. उत्तर येतं 3.6 लाख कोटी कोटी! कोटी दोनदा आलंय, ती छपाईची चूक नाही. देशातल्या 140 कोटी लोकांना सारखे वाटले, तरी प्रत्येकाच्या पदरात अडीच हजार कोटी पडतात.

एक रेणू ढोबळमानानं एक नॅनोमीटर लांब धरा आणि सगळ्यांना रांगेत उभं करा. रांग 3 कोटी 60 लाख किलोमीटर! मुंबई-पुण्याच्या 2 लाख 40 हजार खेपा. रोज एक खेप करून आज हिशेब संपवायचा, तर शिवरायांच्या जन्माच्या अडीचशे वर्षं आधीच निघायला हवं होतं.

थांबा, गंगापूर धरणावर चला. साडेपाच टीएमसी पाण्यात ही एकच गोळी पूर्ण विरघळली समजा. मग ओंजळ सोडा, नुसता एक थेंब उचला. त्यात साधारण 11 हजार रेणू सापडतील!

ही फौज जाते मूत्रपिंडांच्या मोहिमेवर. तिथे गाळण्या सुमारे 20 लाख. एकेकीची नळी 5 सेंटिमीटर धरून जोडत गेलो, तर 100 किलोमीटर, म्हणजे नाशिकहून जवळजवळ मालेगाव! त्यांतून दिवसाला 180 लिटर पाणी गाळलं जातं, सोबत जवळपास दीड किलो मीठ. बहुतेक सगळं शरीर परत घेतं; शेवटचे दोन-तीन टक्के अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हातात. तेही थोडं नाही, रोजचं 30 ते 45 ग्रॅम मीठ. आपली गोळी या अल्डोस्टेरॉनची जागा अडवते.

पण मूळ औषध फार टिकत नाही. दर 1.4 तासांनी रक्तातलं प्रमाण निम्मं. शरीर त्यातून नवे पदार्थ घडवतं. त्यांतला एक कॅनरेनोन. तो निम्मा व्हायला साडेसोळा तास घेतो. नाशिकरोडच्या नोट प्रेसच्या गावाला शोभेल असा हिशेब करू. दोघांना सकाळी 1,31,072 रुपये द्या. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला मूळ औषधाच्या खिशात उरतो एक रुपया. कॅनरेनोनच्या खिशात? 48 हजार!

आता बुद्धिबळाचा पट मांडा. पहिल्या घरात एक दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट. चौसष्टाव्या घरात 92 हजार कोटी कोटी दाणे. गोळीतल्या पाव भागाचं कॅनरेनोन झालं धरलं, तर त्याचे रेणू होतात 90 हजार कोटी कोटी. जवळपास तेवढेच! पट उलटा चाला, दर साडेसोळा तासांनी एक घर मागे. शेवटच्या एका रेणूपर्यंत यायला कागदावर 43 दिवस लागतात. आणि रोज एक गोळी असेल, तर दुसऱ्याच सकाळी नवे 3.6 लाख कोटी कोटी हजर. महिन्याच्या तीस गोळ्यांची बेरीज मारा: एक कोटी कोटी कोटींच्याही वर!